आई उद्याला गेलीय

तब्येत सुधारल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी सुचवलं, की एखाद्या रविवारी उपासनेनंतर उभ्या राहा आणि साक्ष द्या. साक्ष म्हणजे देवानं आपल्याला संकटातून कसं तारलं ते मंडळीपुढं सांगायचं. मी हो म्हटलं आणि पुढच्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. त्याच्या पुढच्या रविवारीही राहिले. साक्ष देणाऱ्याचा आवाज शेवटाकडं चढावा लागतो, ऐकणाऱ्यांना हालेलूया म्हणायला जागा मिळावी लागते. माझ्याच्यानं सध्या काहीच चढवत नाही, शाळेचा जिनासुद्धा. म्हणून बसल्या जागी लिहिते आहे.

जिला काल-परवाच कळलंय की आपल्या छातीत क्षय आहे, आणि जी आत्ता भिंतीकडं तोंड करून पडली आहे, तिच्यासाठी हे लिहिणं. औषधांचं डॉक्टर सांगतील, मला त्यातलं कळत नाही. मी फक्त दिवस कसे काढले ते सांगणार आहे. फार शहाणपणाचं काही हाती लागेल अशी आशा धरू नये.

छातीचा फोटो

दुष्काळ सरला होता. रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी एकदाच्या सुटल्या, घरात पुन्हा पांढरी ज्वारी आली, आणि नेमकी तेव्हाच माझी भूक गेली. संध्याकाळी अंगात कसकस असायची. पोलकी सैल झाली. मी पहिलीच्या वर्गाला शिकवत असे. मुळाक्षरं म्हणून घेताना मधेच खोकल्याची उबळ आली की पोरं माझ्यासाठी न थांबता पुढची अक्षरं म्हणून मोकळी व्हायची. मला वाटलं, खडूची धूळ. माझे यजमान, शमुवेल, सोलापूरच्या मिलमध्ये कामाला. रोज कपड्यांवर कापसाचे तंतू घेऊन घरी येणारा माणूस. त्यांना वाटलं, मिलवाल्याच्या घरात खोकला असायचाच.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि ते माझ्याशी न बोलता यजमानांशी बोलू लागले. मी शेजारच्याच खुर्चीवर होते. डाव्या बाजूला वर पांढरट काहीतरी दिसत होतं. ते बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या शाईच्या दौतीकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, घरात लहान कोण आहे? तेवढाच प्रश्न मला नीट ऐकू आला. मुलगी आहे, तीन वर्षांची, असं मीच सांगितलं. ते म्हणाले, तिला लांब ठेवा.

पुढं डॉक्टर धीराचं बरंच बोलले म्हणे. हल्ली या रोगानं माणूस मरत नाही, औषधं निघाली आहेत, फक्त नेमानं घ्यायची आणि खायचं. मला ते आठवत नाही. घरी येताना यजमान माझ्यापासून थोडे पुढं चालत होते. त्यांनी मुद्दाम केलं नसेल, पण मला ते दिसलं.

संध्याकाळी होटगीहून माझ्या नणंदबाई, मार्थाआक्का, आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत. आक्कांना मूल नाही. त्यांनी आल्या आल्या रिबूचे झबले-फ्रॉक एका पिशवीत भरले आणि तिला कडेवर घेतलं. रिबू म्हणजे आमची रिबका. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला तोंडावर पदर धरून उभी होते. आपल्याकडं दारातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. रिबूलाही ते शिकवलेलं. ती आक्कांच्या खांद्यावरून मला म्हणाली, "येते." मी म्हटलं, ये. मग तिनं विचारलं, "तू कधी येनार?"

"उद्या," मी पदरातून म्हटलं. दुसरं कुणी काय म्हटलं असतं?

वॉर्ड

दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात ठेवलं. छातीच्या रोग्यांचा बायकांचा वॉर्ड मागच्या बाजूला होता, मधे कडुनिंब आणि एक मोडकी पाण्याची टाकी. सकाळी मिलचा भोंगा झाला की सिस्टर थर्मामीटर घेऊन यायच्या. मग थुंकीचे डबे, मग फिनेल, मग इंजेक्शन. इंजेक्शन रोज. कुठल्या बाजूला घ्यायचं हे आपणच लक्षात ठेवायचं, काल डावीकडं तर आज उजवीकडं. पुढं पुढं दोन्ही बाजू दगड झाल्या आणि झोपायचं कसं हा प्रश्न आला. मग मोठाल्या चपट्या गोळ्या. त्या मूठभर गिळल्या की पोटात ढवळायला लागायचं आणि जेवणाची थाळी येईपर्यंत मी बादलीवर वाकलेली असायची. इंजेक्शनानं कानात आवाज बसला. पहिले काही दिवस मला वाटलं, कुठलीतरी मिल सारखी भोंगा देते आहे. तो आवाज अजून गेलेला नाही. माझ्याशी बोलणाऱ्यांनी उजव्या बाजूनं बोलावं.

ज्या दमणुकीची मला कुणी कल्पना दिली नव्हती तिच्याबद्दल सांगते. ती कामाची दमणूक नसते. झोपून उठलं तरी ती तिथंच असते. केस विंचरायला हात वर केला की खाली ठेवावासा वाटतो. भीतीसुद्धा दमून जाते. पहिल्या आठवड्यात मी मरणाला भ्यायले, नंतर भ्यायचंही अंगात उरलं नाही. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी स्वतःला कमी विश्वासाची समजले नसते.

रविवारी दुपारी मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या. दारातच थांबायच्या, नाकाला रुमाल, हातात मोसंबी. चांगल्या बायका, माझ्यासाठी खरंच प्रार्थना करणाऱ्या. त्यातल्या एकीनं सांगितलं, की देवानं दिलेल्या प्रत्येक दिवसाचं सोनं करायचं बघा. मी मान हलवली. सोनं करायला दिवस हातात धरावा तरी लागतो. माझ्या हातात थुंकीचा डबा होता. त्या गेल्यावर मला राग आला आणि रागानंही दमायला झालं.

अव्वा

माझ्या शेजारच्या खाटेवर शांतव्वा होती. अक्कलकोटच्या पलीकडची, लिंगायत घरातली, वयानं माझ्या आईएवढी. घरात कानडी, बाजारापुरतं मराठी. सगळा वॉर्ड तिला अव्वा म्हणायचा. सकाळी ती गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटून बसायची, आणि त्याच वेळी शेजारच्या खाटेवर मी प्रभूची प्रार्थना म्हणायची. मोठ्यानं नाही, पण ओठांतल्या ओठांत म्हणायची सवय मला पहिल्यापासून नाही. शाळेत मुलांबरोबर म्हणून म्हणून आवाज तेवढा बसलेला.

त्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असं मागणं आहे, हे आमच्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. अव्वाला त्या सगळ्यातले 'भाकर', 'आज' आणि 'दे' एवढेच शब्द कळत. ते तिनं काही दिवस ऐकले. मग एका दुपारी तिची सून डबा घेऊन आली तेव्हा तिनं फडक्यातून एक कडक भाकर काढायला लावली, वर शेंगाची चटणी. कडक भाकर म्हणजे आमच्याकडची पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली ज्वारीची भाकर. महिना महिना टिकते.

सुनेनं ती माझ्या स्टुलावर लांबूनच ठेवली आणि हात मागं घेतला. ते रोगामुळं की जातीमुळं, मला कळलं नाही. आजारपणाची ही एक सोय असते, अपमान झाला तरी कारण दुसरं धरता येतं.

"तगो," अव्वा म्हणाली. म्हणजे घे. मग मराठीत आली. "रोज सकाळी मागतीस की. घरात करनारं कोन न्हाय काय तुज्या?"

ती समजत होती की मी रोज सकाळी सिस्टरकडं भाकर मागते आणि सिस्टर देत नाहीत. मी सांगायला तोंड उघडलं, पण एवढं सगळं समजावून सांगायचं म्हणजे किती वाक्यं बोलायची, या विचारानंच मी थकले. भाकर घेतली आणि बरं म्हटलं.

तेव्हापासून सून आली की माझी एक भाकर ठरलेली. मला ती खाववत नसे. मी जेवणाच्या वेळी तोंड फिरवून घेई आणि भाकर उशाशी ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात टाके. मनात म्हणे, उद्या खाऊ. उद्या मळमळ कमी असेल. लहानपणी रविवारच्या शाळेत शिकले होते, देवानं रानात रोज आकाशातून पाडलेलं मान्ना नावाचं अन्न लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं आणि त्यात किडे पडले. आमच्या सोलापूरच्या भाकरीत किडे पडत नाहीत. डबा भरत गेला आणि माझं वजन उतरत गेलं.

एक दिवस डबा उघडा राहिला आणि अव्वानं पाहिला. ती चिडली. तिच्या सुनेनं चुलीसमोर बसून थापलेल्या, परत तव्यावर वाळवलेल्या भाकरी. आधी ती कानडीत बोलली, ते मला कळलं नाही ते बरंच. मग म्हणाली, "मागताना आज आज म्हनतीस, आन् ठिवतीस उद्याला. हे कसलं मागनं?"

तेव्हा मला सांगावंच लागलं, की ते मागणं देवाकडं आहे, सिस्टरकडं नाही. अव्वाला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. खोकला थांबल्यावर पाणी पिऊन ती म्हणाली, "मग दिलं की तेनं." आणि भिंतीकडं वळून झोपली.

मला ते लागलं, पण म्हणून मी खाल्लं असं नाही. शरीर दमलेलं असलं की खरं बोलणंसुद्धा आतपर्यंत पोचत नाही.

उद्याला

मार्थाआक्का पहिल्यांदा भेटायला आल्या त्या पावसाळ्याच्या तोंडाला. रिबूला आणायची परवानगी नव्हती. मी विचारायच्या आधीच त्या तिच्याबद्दल बोलू लागल्या. जेवते, झोपते, कोंबड्यांच्या मागं पळते, अंगावर भरली आहे. माझी आठवण काढते का, हे मला विचारवेना. त्यांनीच सांगितलं, हसत हसत.

"स्टेशनावर कुनीतरी इचारलं तिला, आई कुटं गेली तुजी? तर म्हनती, आई उद्याला गेलीय. आमी रोज म्हनतो न्हवं, उद्या येईल, उद्या येईल. तिला वाटतंय उद्या म्हंजी गाव हाय. गाडी आली की इचारती, ही उद्याला जाती का?"

आक्का वाईट मनानं सांगत नव्हत्या. लेकराचं बोलणं गोड वाटलं म्हणून सांगत होत्या. मीही हसले असेन. त्या गेल्यावर मी चादर डोक्यावर ओढून घेतली आणि रडले. रडल्यावर ताप चढला आणि सिस्टर रागावल्या.

होटगी म्हणजे जंक्शन. तिथून गाड्या सगळीकडं जातात. माझं पोर रोज फलाटावर उभं राहून त्या गाड्यांकडं बघत होतं, आणि तिला पाहिजे ती गाडी तिथं कधीच येणार नव्हती.

रविवारी यजमान आले. त्यांचा चेहरा वाळला होता. मिल, घर, स्वयंपाक, दवाखाना, सगळं एकट्यावर. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी खाली बघत सांगितलं, की तू घरी आलीस तरी रिबूला आक्कांकडंच राहू द्यावं. वर्षभर म्हणा, किंवा कायमचंच. आक्कांना मूल नाही, तिथं तिचं नीट होतंय, आणि तुझं पुढं काय होईल कोण सांगणार.

"ती काही उसनी दिलेली पातेली नाही," मी म्हटलं.

"मग मी काय करू? मी एकटा किती ठिकाणी पुरू?" ते म्हणाले. आवाज वाढला नव्हता. "डॉक्टर म्हणतात, तू खात नाहीस. खात नाही त्याला औषध लागत नाही म्हणतात. तू ठरवलंच असशील तर मला तसं सांग."

आमच्या लग्नात एवढं कठोर ते मला कधी बोलले नव्हते. ते उठले, स्टुलावरचं मोसंबी सोलून फोडी माझ्या वाटीत ठेवल्या आणि गेले. मी त्या खाल्ल्या नाहीत. मनात देवाला म्हटलं, रोज मागायला लावतोस आणि एका दिवसापुरतंच देतोस, हा कसला हात आखडता. असं मी म्हटलं होतं. साक्षीत हे कसं सांगायचं?

खिडकीतले दाजी

आक्कांच्या यजमानांना मी दाजी म्हणते. दाजी रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे, ड्यूटी सोलापूरच्या यार्डात, राहायला होटगीला. फार कमी बोलणारे. लाल बावटा म्हणजे लाल आणि हिरवा म्हणजे हिरवा, मधलं काही त्यांच्याजवळ नसतं. त्या भांडणानंतर एकदा ते ड्यूटी संपवून वॉर्डाच्या मागच्या खिडकीशी आले आणि बाहेरूनच गज धरून उभे राहिले. आत यायला त्यांना संकोच वाटे, बायकांचा वॉर्ड म्हणून.

तुमची तब्येत कशी, असं विचारून झालं. मग मी म्हटलं, दाजी, रिबूला उद्या म्हणून सांगू नका.

त्यांनी विचार केला. "मग काय सांगू?"

आज काय झालं ते सांगा, मी म्हटलं.

"आज काय झालं?" त्यांनी विचारलं.

तीन वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखं आज काय झालं, हे मी शोधू लागले. ताप, इंजेक्शन, गोळ्या, बादली. कडुनिंबावर काही बसलेलं नव्हतं. शोधून शोधून शेवटी मी म्हटलं, सांगा, आईनं आज भाकर खाल्ली.

"खाल्ली?"

माझी नजर उशाशी ठेवलेल्या डब्याकडं गेली. दाजी तिथून हलले नाहीत. त्यांची गाडी असेल, दिवसभर उन्हात उभं राहून पाय दुखत असतील, तरी गज धरून थांबले. खोटा निरोप न्यायचा नाही एवढंच त्यांना माहीत होतं. शेजारच्या खाटेवरून अव्वा डोळे बारीक करून बघत होती.

मी डबा उघडला, वरची भाकर काढली आणि तुकडा मोडला. कडक भाकर मोडताना मोठा आवाज होतो, सगळा वॉर्ड वळून बघतो. मी चावत राहिले. मळमळलं तेव्हा डोळे मिटले आणि गिळलं. एवढी साधी गोष्ट करायला मला घाम फुटला. अर्धी झाल्यावर दाजींनी मान हलवली. "सांगतो," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. गज धरले आणि विचारलं, "आज काय सांगू?"

तेव्हापासून हे रोजचं झालं. ड्यूटी असेल तेव्हा दाजी यायचे आणि तेवढंच विचारायचे. मला दिवसातून एक गोष्ट तयार ठेवावी लागे, खरी आणि लहान. भाकर खाल्ली, ही नेहमीची. त्याखेरीज, आज खिडकीत साळुंकी आली. आज शेजारच्या आजीनं शिंक दिली आणि सगळे दचकले. आज आईनं स्वतः वेणी घातली. दमून मेल्यासारखं झालेलं असताना दिवसातून असली एक गोष्ट वेचायची म्हणजे मेहनत असते, कुणी तिला गोड समजू नये. एकदा काहीच सापडलं नाही. आज काही नाही, असं मी दाजींना सांगितलं. तसंच सांगू का, त्यांनी विचारलं. तसंच सांगा म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, की रिबूनं ते ऐकून घेतलं आणि सगळ्यांना सांगत सुटली, आईला आज काय न्हाय.

मी दिवसांचं सोनं केलं असं मला म्हणवत नाही. मी रोज एक तुकडा मोडला. पण प्रार्थनेत 'आज' हा शब्द आला की पूर्वी मी त्याच्यावरून पुढं निघून जायची, ती आता तिथं थांबू लागले. देवाचा हात आखडता नव्हता. माझ्या पोटात एका दिवसापेक्षा जास्त मावतच नव्हतं. हे मला कुणा उपदेशातून कळलं नाही, अपचनातून कळलं.

पाऊसकाळ सरता सरता वजन धरू लागलं. अव्वाचं धरलं नाही. ती भाकर पाण्यात भिजवून चोखायची, मग तेही सुटलं. शेवटी शेवटी ती मला खाताना बघायची, आणि मी खाल्ली की जणू तिनंच खाल्ल्यासारखं समाधानानं डोळे मिटायची. एका सकाळी तिनं लिंग तळहातावर घेतलं आणि हात तसाच राहिला. सिस्टरनी पडदा लावला.

दुपारी सून आली आणि सामान आवरू लागली. तांब्या, चादर, फडकं. तिनं फडक्यातून एक भाकर काढली. नेहमीसारखी सकाळी घेऊन निघाली होती, इथं येईपर्यंत तिला काही कळलं नव्हतं. या वेळी तिनं ती स्टुलावर ठेवली नाही. माझ्या हातात दिली आणि तिच्या हाताचा माझ्या हाताला स्पर्श झाला. "तगो," ती म्हणाली, सासूसारखंच.

संध्याकाळी दाजी आले. आज काय सांगू, त्यांनी विचारलं. मी ती भाकर मोडली आणि त्यांच्यासमोर खाल्ली, सगळी. दाजींनी शेजारची मोकळी खाट पाहिली, डोक्यावरची टोपी काढली आणि खाऊन होईपर्यंत हातात धरून उभे राहिले.

होटगी

हिवाळ्यात थुंकीत जंतू मिळेनासे झाले. गोळ्या पुढं पुष्कळ दिवस घ्यायच्या होत्या, पण डॉक्टरांनी सांगितलं, घरी जा, आणि मुलीला जवळ घ्यायला आता हरकत नाही. ते मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. यजमान म्हणाले, आधी घरी चल, विश्रांती घे, रिबूला मग आणू. मी म्हटलं, आधी होटगी. ते पुढं वाद घालत बसले नाहीत. गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा धरली आणि या वेळी माझ्या शेजारी बसले.

मनात मी काय काय रंगवलं होतं, ते सांगत नाही. क्वार्टरच्या दारात रिबू उभी होती, उंच झालेली. कानात मी न घातलेल्या बाळ्या. तिनं मला पाहिलं आणि आक्कांच्या लुगड्यामागं गेली. आक्का म्हणाल्या, आगं आई हाय, जा की. ती गेली नाही. मीही ओढलं नाही. दम लागला होता, उंबऱ्यावरच बसले. आक्का आत चुलीकडं वळल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांचंही आज काय जात होतं ते मला दिसत होतं, आणि मला त्यांच्या समोर जायचं धैर्य नव्हतं. पोर ओळखत नाही म्हटल्यावर कुठल्या तोंडानं घेऊन जायचं, हा विचार माझ्या आणि यजमानांच्या मनात एकदमच आला असावा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

संध्याकाळी दाजी ड्यूटीवरून आले. रिबू धावत सुटली आणि त्यांच्या पायांना बिलगली. रोजची सवय तिची.

"मामा, आईनं आज काय सांगितलं?"

मी तिथंच, हातभर अंतरावर बसले होते. यजमानांनी तोंड फिरवलं. आत तव्यावरची भाकर उलटायची थांबली.

दाजींनी डबा खाली ठेवला. मग ते माझ्याकडं वळले आणि खिडकीशी उभं राहून विचारावं तसंच त्यांनी विचारलं, "आज काय सांगू?"

"सांगा," मी म्हटलं, "आज आई आली."

दाजींनी तिला सांगितलं, आज आई आली. रिबूनं दाराबाहेर, रुळांच्या बाजूला पाहिलं. "कुटं हाय?"

दाजींनी माझ्याकडं बोट केलं. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात तिची चूक नव्हती. उद्या येते म्हणालेलं माणूस आज समोर बसलं होतं. आक्का आतून आल्या. त्यांचे डोळे लाल होते. धुरानं असतील. त्यांच्या हातात ताट होतं, ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं, भाकर आणि आमटी. मला भूक नव्हती. प्रवासानं अंग मोडून आलं होतं. मी तोंडातल्या तोंडात आजच्यापुरतं मागितलं आणि तुकडा मोडला.

रिबू एक पाऊल पुढं आली. मी घास तोंडात घातला. ती माझ्या जबड्याकडं बघत होती. चावून, गिळून होईपर्यंत तिनं डोळे हलवले नाहीत. मी दुसरा तुकडा मोडला, तिसरा मोडला.

मग ती आत्याला ओलांडून, बापाला ओलांडून दाजींकडं गेली आणि निरोप पोचवावा तशा आवाजात म्हणाली, "मामा, आईनं आज भाकर खाल्ली." आणि परत येऊन माझ्या मांडीवर बसली.